पाचोळा जाळू नका

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या इमारतींची, निकालांची आणि दात्यांची नोंद यथायोग्य होईलच, आणि ती व्हावयास हवी. आम्ही मात्र शाळेच्या अशा एका भागाविषयी लिहू इच्छितो, ज्याची नोंद आमच्या डेडस्टॉक रजिस्टरात नाही. असण्याचे कारणही नाही, कारण तेथे मृत असे काही नाही. वसतिगृहाच्या भोजनगृहामागे, कुंपणाची भिंत आणि नाला यांच्या मध्ये, एकराहून थोडी कमी अशी मुरमाड जागा आहे. जुने विद्यार्थी तिला 'मागचे रान' म्हणत. अलीकडे तेथे 'वन्यजीव उद्यान' असा फलक लागला आहे. बांधकामास निरुपयोगी म्हणून ही जागा सुटली. पुढे शाळेतील मुलांनी आणि शेजारच्या वस्तीतील उपासक-उपासिकांनी मिळून तेथे पळस, मोह, बहावा, करंज, उंबर, बेल, हिवर अशी आपल्या मुलखातील झाडे लावली. रुई आणि बोरी आपोआप उगवल्या. त्या आम्ही उपटल्या नाहीत.

महोत्सवानिमित्त परिसर-सुशोभनाची एक योजना आता संस्थेपुढे आहे. तीनुसार या जागेवर लॉन, सिमेंटचे गट्टू, एक कारंजे आणि शोभेचे पाम येतील. योजना मांडणाऱ्यांत आमचे माजी विद्यार्थी आहेत. ज्या शाळेने आपल्याला घडविले ती सुंदर दिसावी, ही त्यांची इच्छा आम्हांस समजते. तरीही आमचे मत असे आहे की ही जागा रान म्हणूनच राहू द्यावी, आणि दर वर्षी मार्चमध्ये तेथील पाचोळा गोळा करून जाळण्याची जी प्रथा पडली आहे ती कायमची बंद करावी. या मताची कारणे वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

निवासी शाळेचा एक दोष असा की तिचा उन्हाळा कोणी पाहत नाही. एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, निकाल लागतो, पत्र्याच्या पेट्या घेऊन मुले गावी जातात आणि जूनच्या अखेरीस परततात. पालक येतात ते प्रवेशाच्या वेळी, पाहुणे येतात ते स्नेहसंमेलनाला. सुशोभनाच्या योजनेसाठी पाहणी झाली ती एप्रिलमधील एका दुपारी. त्या वेळी विदर्भात माणूसही सावलीबाहेर पाऊल टाकत नाही, मग पाखरू काय टाकणार? पाहणी करणाऱ्यांना वाळलेले गवत, करपलेली पाने आणि एक सरडा दिसला. हे उजाड आहे, असा त्यांचा समज झाला. वर्षाच्या ज्या तीन महिन्यांत ही जागा सर्वाधिक गजबजलेली असते, नेमके त्याच महिन्यांतील सर्वांत मुके तास त्यांनी पाहिले.

पण दर वर्षी काही मुले सुट्टीतही वसतिगृहातच राहतात. त्यांचे आईवडील वीटभट्टीवर असतात; भट्टी पावसापर्यंत चालते आणि गावच्या घराला कुलूप असते. या मुलांनी गेली काही वर्षे एक वही चालविली आहे. साधी शंभर पानी वही. तीत तारीख, वेळ, काय दिसले, काय करीत होते आणि खाली पाहणाऱ्याची सही. आम्ही इतिहास शिकवितो. साधनांवाचून इतिहास नाही, असे वर्गात सांगतो. आमच्या रानाच्या उन्हाळ्याचे साधन म्हणजे ही वही होय, आणि ज्यांना जावयास घर उघडे नव्हते त्या मुलांनी ती लिहिली आहे, हे आम्ही विसरू शकत नाही.

वही सांगते ते असे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाला पान नसते तेव्हा फूल असते, आणि त्या फुलांवर मैना, बुलबुल, शिंजीर यांची सकाळपासून वर्दळ असते. मग मोहाची फुले रात्रभर टपटपतात. पहाटे ती वेचावयास मुले जातात तेव्हा खारी त्यांच्या आधी आलेल्या असतात. सर्वत्र रखरख असताना करंज नव्या पानांनी झळाळतो. एप्रिलच्या अखेरीस बहाव्याला पिवळे झुंबर लागतात. त्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळी फुलपाखरे अंडी घालतात. पाने कुरतडलेली दिसली म्हणून औषध फवारू नका, असे एका मुलाने वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. रुईच्या विषारी चिकाची पाने खाऊन वाढणाऱ्या अळ्या केशरी फुलपाखरे होतात आणि त्यांच्या अंगी तेच विष असल्यामुळे पक्षी त्यांना टाळतात. रुईच्या फुलांवर काळे भुंगे दुपारपर्यंत गुणगुणत असतात. मेमध्ये राखी धनेशाचे जोडपे उंबरावर येते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दाराला फक्त एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला व पिलांना भरवितो. म्हणजे धनेशाला नुसते झाड पुरत नाही. ढोली पडावी इतके जुने झाड लागते.

टिटवीने उघड्या मुरमात चार अंडी घातली, ती नोंद सातवीतील एका मुलीची आहे. खडे समजून आपण पाय ठेवणार होतो, असे तिने प्रामाणिकपणे लिहिले आहे. पुढल्या दिवसांत ती दुरून पाहत राहिली. पक्षी नाल्याच्या डबक्यात जाऊन पोटाकडील पिसे भिजवून येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. नवतपाच्या उन्हात अंडी उबविण्यापेक्षा ती थंड ठेवणे अधिक अवघड असते, हे त्या मुलीला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेले नव्हते.

आता पाचोळ्याकडे वळू. मेच्या अखेरीस, पावसाच्या थोडे आधी, नवरंग नावाचा पक्षी आमच्याकडे येतो. हिरवा, निळा, पिवळसर, पोटाखाली लाल. मुले त्याची वाट पाहतात. हा पक्षी झाडावर कमी आणि जमिनीवर अधिक वावरतो. पडलेली पाने चोचीने उलटावी आणि त्याखालचे किडे, गांडुळे वेचावी, ही त्याची पोट भरण्याची रीत. सातभाईंची टोळीही तेच करते. पाचोळा म्हणजे त्यांचे ताट आहे. त्या पानांखाली जमीन सावलीत राहते, ओल टिकते, वाळवी आणि इतर किडे आपले काम करीत पानांची माती करतात, गोगलगायी शंखाचे तोंड बंद करून पावसाची वाट पाहत निजलेल्या असतात. वरून मृत दिसणारा तो थर आतून जिवंत असतो.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी शाळेची तपासणी होणार होती. परिसर स्वच्छ दिसावा म्हणून मागचा सारा पाचोळा जाळावा, ही सूचना आमचीच होती. काडी लागली, तासाभरात जमीन काळी झाली. वसतिगृहातील धाप लागणाऱ्या दोन मुलांना त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मुले राखेतून फिरून आली आणि ओंजळभर शंख घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. अर्धे जळालेले, आत काही नसलेले. कोणी काही बोलले नाही. वहीत त्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे: "आज काही दिसले नाही." त्यापुढचे सात दिवस तीच ओळ आहे, खाली वेगवेगळ्या सह्या आहेत. त्या वर्षी नवरंग आमच्या रानात उतरला नाही. एका वर्षाच्या नोंदीवरून सिद्धान्त मांडू नये, हे आम्हीच मुलांना शिकवितो, म्हणून येथेही मांडत नाही. पण ज्याचे ताट आपण जाळले तो पाहुणा आला नाही, तर नवल कसले करावे?

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली मनाई केलेली आहे, हे आम्हांस त्या वेळी ठाऊक असावयास हवे होते. पण आम्हांस अधिक लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. इतिहासाचा शिक्षक असून आम्ही जे वाचले होते ते विसरलो. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट, मैना, हंस यांच्याबरोबर वटवाघूळ आणि मुंगी यांचाही उल्लेख आहे. त्याच लेखात पुढे दोन आज्ञा येतात: ज्यात जीव आहेत असा भुसा पेटवू नये, आणि विनाकारण वा जीवहिंसेसाठी रान पेटवू नये. अवाढव्य साम्राज्याचा अधिपती भुशातील किड्याची चिंता वाहतो, हे वर्गात सांगताना आम्हांस नेहमी अभिमान वाटे. तीच आज्ञा आपल्या भोजनगृहामागे लागू पडते, हे मात्र ध्यानी आले नाही. आपल्या विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे, अशोककालीन ब्राह्मीत कोरलेली शिळा सापडली. प्राण्यांना पकडणे व मारणे यांस मनाई करणारी ती आज्ञा असल्याचे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी दाखविले आहे. म्हणजे हा वारसा दूरच्या पाटलिपुत्राचा म्हणून सोडून देण्याचीही सोय नाही.

त्याहूनही मागे गेलो तर तथागतांच्या संघाला राजा बिंबिसाराने दिलेले पहिले निवासस्थान आठवते. राजगृहाजवळचे वेळुवन. त्याच्या एका भागाला 'कलंदकनिवाप' असे नाव होते. कलंदक म्हणजे खार. खारींना जेथे खाऊ घातले जाई ती जागा. संघाने तेथील खारींना हुसकावून नीटनेटकी बाग केली नाही. खारींच्या त्या जागेचे नाव तथागतांच्या उपदेशांच्या स्थळनिर्देशात कायम राहिले आणि आज अडीच हजार वर्षांनंतरही आपण ते वाचतो. वर्षावासाचा नियमही असाच घडला. पावसाळ्यात भिक्षू हिंडतात आणि हिरवे गवत व लहान जीव पायदळी तुडवितात, अशी तक्रार लोकांनी केली. तथागतांनी ती मानली आणि भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे असे ठरविले. सामान्य माणसाच्या तक्रारीवरून संघाचा नियम बनतो, हे धम्माच्या लोकशाही वृत्तीचे लक्षण आहे.

येथे आम्हांस एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. मुक्या प्राण्यांवरील दया हे शब्द आमच्या समाजाच्या कानांस सहजी गोड लागत नाहीत, आणि त्याला कारण आहे. मुंग्यांना साखर घालणारे हात माणसाला पाणी देताना आखडत, हा आमच्या आजोबांचा अनुभव. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती. अस्पृश्य ठरविलेल्या माणसांना मात्र ते पाणी वर्ज्य होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा त्यांनी जी विसंगती जगापुढे आणली, ती विसरून केलेली भूतदया आम्हांस नको आहे. पुण्य गाठीला बांधण्यासाठी केलेली दया माणसाला वगळू शकते. समतेतून आलेली करुणा कोणालाही वगळू शकत नाही. म्हणून आमच्या रानाचा पहिला नियम असा आहे की टंचाईच्या दिवसांत आधी वसतिगृहाचे पाणी, मग झाडांचे. झाडांना भांडी धुतलेले पाणी पुरते. पण पाखरांसाठी ठेवलेले मातीचे पसरट भांडे स्वच्छ पाण्याने भरलेले असावे, असाही नियम आहे. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घराण्यांना ठाऊक आहे, त्यांच्या अंगणातील पाणवठा मेमध्ये कोरडा असू नये.

या मताला पालकांकडून जे आक्षेप आले, ते आम्ही हलके मानत नाही. एका मातेने आम्हांस सांगितले, "गुरुजी, आम्ही चिखलातून, कुडाच्या घरातून वर आलो. लेकरू सिमेंटच्या अंगणात शिकते हे पाहून जीव निवतो. तुम्ही पुन्हा काटेकुटे दाखविता." या बोलण्यापुढे आम्ही काही काळ निरुत्तर होतो. गावकुसाबाहेर राहणाऱ्या आमच्या पूर्वजांना तरोट्याची भाजी, मोहाची फुले, उंबराची फळे यांची जी पारख होती, ती पुष्कळदा भुकेने शिकविलेली होती. त्या दिवसांचा गौरव करण्याचा आमचा हेतू नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या उदात्तीकरणाला स्वच्छ नकार दिला. आम्हीही कोणास मागे चला म्हणत नाही. वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, भोजनगृह यांना उत्तम फरशी हवीच, आणि तेथे खर्च कमी पडत असेल तर कारंज्याचा पैसा तिकडे वळवावा असे आम्ही म्हणू. आमचे म्हणणे इतकेच की झाडाझुडपांचे ज्ञान काही गावाच्या पाटलाची मालमत्ता नव्हती. ते आमच्या आयाआज्यांचे होते. भुकेपोटी मिळविलेले ते ज्ञान त्यांची नातवंडे आता पोटभर जेवून, वही-पेन हाती घेऊन, विज्ञान म्हणून शिकत आहेत. हे मागे जाणे कसे होईल?

दुसरा आक्षेप एका पित्याचा होता. मुलगा शिकावयास पाठविला आहे, झाडू मारावयास नाही, असे ते पालकसभेत म्हणाले. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. ज्या समाजावर झाडलोट जन्माने लादली गेली, त्याच्या मुलांच्या हाती शाळेने खराटा देताना शंभरदा विचार केला पाहिजे. म्हणून रानातील कोणतेही काम शिक्षा म्हणून दिले जाऊ नये, तासाच्या वेळेत होऊ नये, आणि जे काम शिक्षक करीत नाहीत ते विद्यार्थ्याला सांगू नये. गंमत अशी की पाचोळा जाळावयाचा नसेल तर तो झाडण्याचे कामच उरत नाही. लॉनला मात्र रोज पाणी, दर आठवड्याला कापणी आणि सतत निंदणी लागते. ती कोणी करावयाची, हे योजनेत लिहिलेले नाही.

तिसरा आक्षेप सापांचा, आणि तो सर्वांत गंभीर. मुलांच्या जिवापुढे कोणत्याही बागेची किंमत नाही. यास्तव वसतिगृह आणि रान यांच्यामध्ये मोकळी, झुडपे नसलेली पट्टी राखावी. भिंतीलगत विटा, लाकडे, भंगार यांचे ढीग ठेवू नयेत. खरकटे उघड्यावर टाकू नये, कारण खरकट्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप येतो. रात्री बाहेर पडताना विजेरी हवी, झोपण्यास प्रत्येकाला खाट व मच्छरदाणी हवी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून ही चैन नव्हे, संरक्षण आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुलांना चित्रावरून ओळखता आले पाहिजेत. आणि कोणाला दंश झालाच तर मांत्रिकाकडे नव्हे, विलंब न लावता सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात. ही सारी काळजी लॉन झाले तरी घ्यावीच लागेल. नाला तेथेच राहणार आहे.

आता 'आपल्या मुलखातील झाडे' या शब्दांविषयी. आम्ही गुलमोहोराचे वैरी नाही. तो मादागास्करहून आला म्हणून त्याला हाकलावे, अशी भाषा आम्हांस शोभत नाही; जन्मस्थान पाहून लायकी ठरविण्याचे शास्त्र आम्ही पुरेसे भोगले आहे. आपल्या भाकरीची ज्वारी मुळात आफ्रिकेची, चिंचही तिकडचीच, मिरची आणि सीताफळ अमेरिकेचे. प्रश्न शुद्धतेचा नसून नात्यांचा आहे. पळस, बहावा, उंबर यांच्याशी येथील कीटकांचे आणि पाखरांचे नाते हजारो वर्षांत जुळले आहे. शोभेच्या पामला असे नातेवाईक येथे फार थोडे. उलट टणटणी आणि गाजरगवत ज्या वेगाने पसरतात, त्या वेगाने ते इतरांची जागाच संपवितात. म्हणून ती दोन आम्ही काढतो. जो इतरांना जगू देतो त्याला जागा आहे, मग तो कोठूनही आलेला असो. हा न्याय बागेपुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही.

या नात्यांचा सर्वांत उत्तम धडा उंबराचा. मराठीत न दिसणाऱ्या माणसाला 'उंबराचे फूल' म्हणतात, आणि ज्याला उंबराचे फूल दिसेल त्याचे भाग्य उघडते असा समज आहे. आमच्या आठवीच्या मुलांनी गेल्या वर्षी एक कोवळे उंबर ब्लेडने उभे चिरले आणि भिंगाखाली पाहिले. आत शेकडो फुले होती. आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलांची बंद कुपी असते. तिच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून तिळाएवढा एक कीटक आत शिरतो, परागकण पोहोचवितो, अंडी घालतो आणि आतच मरतो. त्याची पुढची पिढी परागकण घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडते. हा कीटक नाही तर उंबराला बी नाही; उंबर नाही तर कीटकाला घर नाही; आणि दोन्ही नाहीत तर धनेश, हरियाल, बुलबुल आणि वटवाघूळ यांना भर उन्हाळ्यात अन्न नाही. वर्गातील एका मुलाने हात वर करून विचारले, "गुरुजी, मग आमचे भाग्य उघडले का?" सारा वर्ग हसला. आम्ही म्हणालो, भाग्य नव्हे, डोळे उघडले. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द त्या दिवशी फळ्यावर लिहावा लागला नाही. तो मुलांच्या तळहातावर होता.

संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली. त्यात वनांचे व वन्यजीवांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी करुणा हे एक कर्तव्य आहे, आणि त्याच्या लगेच पुढे वैज्ञानिक दृष्टी व मानवतावाद जोपासणे हे दुसरे. ही दोन्ही शेजारी का असावीत, याचे उत्तर त्या चिरलेल्या उंबरात आहे. दर २६ नोव्हेंबरला आम्ही संविधान दिन साजरा करतो, उद्देशिका वाचतो. कर्तव्यांचा सराव मात्र वर्षभर कोठेतरी व्हावा लागतो. आमच्याकडे त्यासाठी एकराहून थोडी कमी जागा आहे.

यास्तव संस्थेच्या पदाधिकाऱ्यांस आमची नम्र विनंती अशी. सुशोभनाच्या योजनेतून मागचे रान वगळावे. तेथे काडी लावण्यास लेखी मनाई करावी; वाटेवर आलेला पाचोळा झाडांच्या बुंध्याशी लोटावा, तेवढे पुरे. वाळलेला हिवराचा बुंधा पडायला झालेला नसेल तर तोडू नये. तांबट पक्षी वाळलेल्या फांदीतच घर कोरतो. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी पाण्याची भांडी घासून भरण्याचे काम एकट्यादुकट्या मुलांवर न टाकता वस्तीतील कुटुंबे, शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांनी पाळीने घ्यावे.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुम्ही दान द्यावयास उत्सुक आहात, हे आम्ही जाणतो. या वेळी पैशाऐवजी मेमधील एक सकाळ द्या. पहाटे साडेपाचला या. सूर्य वर आला की सारे संपते. तुमची मुले सोबत आणा, शहरात वाढलेली असतील तर अवश्य आणा. सुट्टीत राहिलेली मुले त्यांना रान दाखवितील. जी मुले एरवी सुट्टी लागली की खिडकीत उभी राहून दुसऱ्यांच्या पालकांची वाट पाहतात, त्यांच्याकडे त्या सकाळी दाखविण्यासारखे, शिकविण्यासारखे काही असेल. कारंजे त्यांना हे देऊ शकणार नाही.

ती वही आम्ही कार्यालयातील टेबलावर ठेविली आहे. तीत जे सात दिवस रिकामे गेले, त्यांची पाने फाडू नका असे आम्ही मुलांना सांगितले आहे. आपली चूकही इतिहासात राहिली पाहिजे. पुढची पाने कोरी आहेत. तुम्ही याल त्या दिवशी जे दिसेल ते लिहा आणि खाली सही करा.